नऊबोट्याची शेवटची चौकट

मिलिंद,

तुझा जीव जात होता तेव्हा मी तुझे फोटो काढत होतो. हे वाक्य गेल्या दीड-दोन महिन्यांत मी कुणापुढेही पूर्ण म्हणू शकलेलो नाही. लोक विचारतात, ‘तुम्ही तिथंच होतात ना?’ मी म्हणतो, ‘हो, तिथंच होतो,’ आणि विषय बदलतो. धुळ्याला स्टाफरूममध्ये कुणी तुझं नाव काढलं की मी खडू उचलून वर्गाकडे निघतो, तास नसला तरी.

मी किती भित्रा आहे हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. आपल्या चित्रकथेत माणसं मारायचं काम माझं. कुणाचा गळा आवळायचा, कुणाला तापीच्या पुलावरून खाली टाकायचं, हे सगळं मी भूगोलाच्या पेपरांचे गठ्ठे बाजूला सारून मजेत लिहायचो. घरात पाल दिसली की मात्र बायकोला हाक मारायचो. तू याची यथेच्छ टिंगल करायचास. ‘मास्तर, तू दोन ओळींत माणूस उडवून मोकळा होतोस. मला तो आठवडाभर काढावा लागतो,’ असं म्हणून वर जोडायचास, ‘आणि काढताना घाबरतो मीच.’ मला ती तुझी ऐट वाटायची. घाबरणारा माणूस इतकी भयंकर चित्रं कशी काढेल, असं मी म्हणायचो. आता वाटतं, तू खरंच सांगत होतास.

आपली ओळखच भांडणातून झाली. आमच्या शाळेच्या भिंतीवर खानदेशचा नकाशा रंगवायला तुला जळगावहून बोलावलं होतं आणि तू गिरणा नदी तापीच्या उत्तरेला वाहवली होतीस. मी शिडीखाली उभा राहून ओरडलो. तू वरूनच म्हणालास, ‘भिंतीवर जागा तिकडेच होती भो!’ मग खाली उतरलास, चहा प्यालास, नदी पुसलीस, आणि तिच्या जागी सातपुड्याचे डोंगर असे काढलेस की मुलं त्या भिंतीला हात लावायला घाबरायची. डोंगराच्या कडांवर नुसता काळा रंग होता, पण त्या काळ्यात कुणीतरी बसलंय असं वाटायचं. तिथंच मी तुला विचारलं, एखादी हेरकथा काढशील का? तू म्हणालास, ‘मारामारी असेल तरच.’

पहिल्या पानावरच शाईची बाटली कलंडली आणि आपल्या हेराच्या डाव्या हाताची करंगळी काळ्या डागाखाली गेली. कागद चांगला होता, तुला तो टाकवेना. ‘याला नऊच बोटं,’ तू जाहीर केलंस. मग ती करंगळी कशी गेली याची गोष्ट मला बसून रचावी लागली, आणि आपल्या नायकाला नाव मिळालं नऊबोट्या. सरकारच्या गुप्तचर खात्यातून पळालेला, सावद्याला केळीचा व्यापारी म्हणून लपून बसलेला, मागावर आलेल्या एकेकाला गाठून संपवणारा माणूस. पाच भाग निघाले. स्टँडवरच्या पुस्तकवाल्याकडे लोक नाव न सांगता नुसती करंगळी दुमडून दाखवायचे आणि तो पुस्तक काढून द्यायचा. तुला त्या गोष्टीचा कोण आनंद!

तुझं भीती काढण्याचं तंत्र मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी रक्त लिहायचो, तू ते वगळायचास. धरणगावच्या जिनिंगमधला खून आठवतो? मी लिहिलं होतं की खबऱ्याला कापसाच्या ढिगात दाबून मारतात, सगळीकडे लाल. तू अख्खं पान पांढरं ठेवलंस. नुसता कापूस, वरच्या बाजूला छताची एक रेघ, आणि खालच्या कोपऱ्यात उलटी पडलेली एक चप्पल. मी चिडलो. म्हणालो, वाचकाला कळणार कसं? तू म्हणालास, ‘रात्री कळेल त्याला, गादीवर पडल्यावर.’ आणि खरंच, मला स्वतःला कापसाच्या गादीवर झोपवेना. बायकोने विचारलं तर काय सांगणार? मीच लिहिलंय आणि मीच घाबरलोय? दुसऱ्या भागातलं केळी पिकवायचं कोठार तर मी आजही उघडत नाही. शटर वर गेलंय, घडांच्या रांगा टांगलेल्या आहेत, आणि चौथ्या-पाचव्या रांगेत घडांच्या मधोमध दोन पाय आहेत. तू ते पाय केळ्यांच्याच रेघांनी काढले होतेस. आधी दिसतच नाहीत. दिसले की मग केळीच दिसायची बंद होतात.

यावर आपण किती भांडलो! मी म्हणायचो, तू माझा मारामारीचा प्रसंग चोरतोस. तू म्हणायचास, मेला तो माणूस होता हे तुझ्या लक्षात राहत नाही, म्हणून मला चप्पल काढावी लागते. तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

आणि तुझी ती सोंगं! काढायच्या आधी प्रत्येक गोष्ट घरात करून पाहायची, फोटो काढायचा आणि मग फोटोवरून चित्र, हा तुझा नेम. त्यामुळे जळगावच्या तुझ्या घरात रोज कुणी ना कुणी मरत असायचं. वंदनावहिनी सगळ्यांत जास्त वेळा मेल्या. पोळ्या लाटता लाटता पिठाच्या हाताने येऊन जिन्यावर उलट्या पडायच्या, फोटो झाला की उठून परत पोळपाटाशी. मी बहुतेक वेळा खुनी. एकदा गच्चीवर तू माझा गळा आवळत होतास आणि शेजारचे काका काठी घेऊन धावत आले. तू त्यांनाही सोडलं नाहीस. काठीसकट त्यांचा फोटो काढलास आणि चौथ्या भागात पोलीस पाटील केलंस. तुझी आई होती तोवर तिचा या सगळ्याला सक्त विरोध. दारात बसून बोलायची, ‘जित्ता माणूस मराना सोंग कसाले करस रे? काही चांगलं काढ ना भो, देवळं काढ, बुद्ध काढ.’ तू म्हणायचास, ‘आई, बुद्धबी काढेल शे. तो पोटले देत नही.’ ती हसायची आणि तरी तोंड फिरवून बसायची. मेलेल्याचं सोंग घेतलेला माणूस तिला बघवत नसे.

मेलेल्या माणसाचा फोटो काढायची तुझी एक रीत होती आणि ती घरातल्या सगळ्यांना पाठ होती. कितीही चांगलं सोंग घेतलं तरी पोट हलतं. ते हललं की माणूस झोपलेला दिसतो, मेलेला नाही. म्हणून पडलेल्याने श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, थांबायचं, आणि त्या थांबण्यातच फोटो घ्यायचा. तू मला शिकवलं होतंस, ‘पोटाकडे बघ. पोट थांबलं की दाब.’ मी ते नीट शिकलो. भूगोलाच्या पोरांना मी जे शिकवतो त्यातलं निम्मंही ती इतकं नीट शिकत नाहीत.

मग सहावा भाग आला आणि आपलं शेवटचं भांडण. मी नऊबोट्याला मारायचं ठरवलं होतं. पाच भाग इतरांना मारत फिरणारा माणूस शेवटी आपल्याच अंगणात, दुपारच्या उन्हात, एकटा पडतो, असं मी लिहून पाठवलं. तुझा फोन आला. ‘याला नको मारू.’ मी म्हणालो, गोष्टीला शेवट लागतो. तू म्हणालास, ‘लागू दे ना. तो निघून जातो, बस. रेल्वेत बसतो.’ असला शेवट कुणी विकत घेईल का, असं मी म्हणालो. मग पंधरा दिवस तू फोन उचलला नाहीस. मीही रुसलो. शेवटी एका सकाळी तुझा निरोप आला, ‘ये. तुझा शेवट काढतो. पण मरणाला मी स्वतः पडणार. याचं सोंग दुसऱ्या कुणाला करू देणार नाही.’ तुझा होकार मला माझा विजय वाटला. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, मी बसमध्ये एकटाच हसत होतो.

तू दारात आलास तेव्हा छाती चोळत होतास. हे मला दिसलं होतं. ‘काल शेवभाजी नडली,’ तू म्हणालास आणि जिरा सोडा प्यालास. घाम येत होता. जळगावच्या मे महिन्यात घाम कुणाला येत नाही? मीही निथळत होतो. वहिनी बहिणीकडे गेल्या होत्या, तुझी लेक प्रज्ञा खाली तिचं कॉलेजचं चित्र काढत बसली होती. आपण गच्चीवरच्या खोलीत गेलो. खिडकीतल्या कूलरचा एवढा आवाज की एकमेकांशी ओरडून बोलावं लागत होतं. चित्र वरून दिसणारं हवं होतं, म्हणून मी स्टुलावर चढलो, हात वर करून फोन धरला. तू फरशीवर पडलास. डावा हात पसरलास, करंगळी आत दुमडलीस. नऊ बोटं. सगळं पडद्यात नीट बसलं.

‘थांब, श्वास सोडू दे,’ तू म्हणालास.

मी पोटाकडे बघत राहिलो. पोट खाली गेलं, थांबलं. मी दाबलं. पहिला फोटो उत्तम आला. म्हटलं, अजून एक घेऊ. तू उठला नाहीस, हे मला बरंच वाटलं, नाहीतर तू प्रत्येक फोटोनंतर उठून बघायला यायचास. दुसरा घेताना पाहिलं तर तुझी करंगळी उघडली होती. मी कूलरवरून ओरडलो, ‘मिलिंद, करंगळी! करंगळी दुमड!’

तू दुमडली नाहीस. मला वाटलं, रागावलायस. नऊबोट्याला मारायला लावलं म्हणून मुद्दाम ऐकत नाहीयेस. तुझे रुसवे मला काय नवे होते? म्हटलं, राहू दे, बोट तू चित्रात लपवशील. तिसरा फोटो घेतला. तुझं पोट अगदी स्थिर होतं. आणि मी, मिलिंद, मी स्टुलावरून म्हणालो, ‘वा! क्या बात है!’

प्रज्ञा ताकाचे पेले घेऊन आली. तिने उंबऱ्यातूनच पाहिलं. मी फोनच्या पडद्यातून बघत होतो, ती नुसत्या डोळ्यांनी. तिच्या हातातले पेले खाली ठेवायचेही राहिले. म्हणाली, ‘काका, बाबांचं पोट का हलत नाहीये?’ मी म्हणालो, ‘श्वास धरलाय त्याने.’ ती म्हणाली, ‘एवढा वेळ?’

पुढचं तुला माहीत नाही, म्हणून सांगतो. ती तुझ्या छातीवर दाब देत होती, मी खाली धावलो, काठीवाल्या काकांनी गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता. मी विचारलं, थोडं आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. त्यांनी हो म्हटलं असतं तर मी रडलो असतो, नाही म्हटलं असतं तर सुटलो असतो. सांगता येत नाही, याचं काय करायचं ते मला कुणी सांगितलं नाही.

तेव्हापासून मला पडलेल्या माणसांची भीती वाटते. दुपारी बायको जरा आडवी झाली की मी तिच्या पोटाकडे बघतो. हललं नाही असं वाटलं की हलवून उठवतो. दोन-तीनदा झाल्यावर ती वैतागून म्हणाली, ‘अहो, जिवंत आहे मी! झोपू द्या की जरा!’ वर्गात मागच्या बाकावरचा पोरगा डोकं टेकवून झोपला तर आधी मी त्याच्या कानाशी टिचकी वाजवायचो. आता त्याच्यापाशी जाऊन उभा राहतो आणि त्याच्या शर्टाची पाठ वर होते का ते बघतो. पोरं हसतात. स्टँडवर बाकड्यांवर झोपलेली माणसं असतात, त्यांच्या बाजूने मी जातच नाही. आणि खिशात तो फोन. ते तीन फोटो पुसायला अंगठा जात नाही आणि उघडायची हिंमत होत नाही. दुसऱ्याच कुणाचा फोटो शोधताना चुकून त्या पानावर आलो तर फोन उलटा करून ठेवतो.

सगळ्यांत मोठी भीती त्या दुसऱ्या फोटोची. पहिल्यात करंगळी दुमडलेली होती, म्हणजे तू नऊबोट्या होतास. दुसऱ्यात उघडली होती. म्हणजे मधल्या वेळात तू सोंग टाकलं होतंस. तू काही सांगत होतास का? हात माझ्याकडे उचलायचा होता का तुला? आणि मी तुला बोट दुमडायला सांगत होतो.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी मागच्या रांगेत बसलो होतो. त्रिसरण म्हणताना सगळ्यांचे हात जोडलेले, आणि मी वहिनींची नजर चुकवत होतो. मला खात्री होती, आज त्या विचारतील. त्यांनी विचारलं नाही. जेवून जा म्हणाल्या. मी जेवलो नाही, बस आहे म्हणून पळालो. बस नव्हती. स्टँडवर उभा राहिलो.

मग मागच्या रविवारी त्यांचा फोन आला. ‘भाऊ, या. पुस्तकाचं शेवटचं पान राहिलंय. छापखान्याचे रोज फोन येतात.’ मी म्हणालो, पान राहू द्या वहिनी, पुस्तकच राहू द्या. ‘तुम्ही या,’ त्या म्हणाल्या, ‘आणि फोन घेऊन या.’

मिलिंद, धुळ्याहून जळगावला मी इतक्या वर्षांत किती वेळा आलो असेन. त्या दिवशी एरंडोलला गाडी थांबली तेव्हा मी खाली उतरलो आणि परतीच्या गाडीची पाटी बघून आलो. मग परत माझ्या जागेवर येऊन बसलो. वहिनी हात पुढे करतील, फोन मागतील, दुसरा फोटो बघतील आणि त्यांना कळेल. मग त्या घरात मी कोण?

तसंच झालं. पाणी दिलं आणि हात पुढे केला. मी फोन दिला. त्यांनी पहिला फोटो पाहिला, मग दुसरा. दोन बोटांनी मोठा केला. तुझ्या हातावर थांबल्या. घरात त्याच जास्त वेळा मेल्या होत्या, त्यांना काय दिसायचं राहणार?

‘यात बोट उघडलंय,’ त्या म्हणाल्या.

‘हो.’

‘तुम्हाला दिसलं होतं?’

‘दिसलं होतं.’

‘मग काय म्हणालात?’

मी खोटं बोलू शकलो असतो. कूलरचा आवाज होता, प्रज्ञा खाली होती, कुणी ऐकलं नव्हतं. मी म्हणालो, ‘करंगळी दुमड म्हणालो.’

वहिनींनी तिसरा फोटोही पाहिला. प्रज्ञा टेबलापाशी पाठ करून उभी होती. मग वहिनी म्हणाल्या, ‘मीही तेच म्हटलं असतं. एकदा जिन्यावर पडले होते तेव्हा माझ्या मानेत खरंच लचक भरली होती. मी कण्हत होते आणि हे म्हणाले, वंदना, आवाज नको, तोंड हलतंय.’ त्या हसल्या. हसता हसता पदर तोंडाला लावला आणि मग खूप रडल्या. मीही रडलो. तू गेल्यानंतर पहिल्यांदा.

नंतर त्यांनी ते तिन्ही फोटो स्वतःच्या फोनवर घेतले आणि माझ्या फोनमधून पुसले. मला विचारलंही नाही. म्हणाल्या, ‘तुम्हाला यांची भीती वाटते. मला नाही वाटत. माझा नवरा आहे तो.’

मी तुझ्या बाजूने एक शेवटचा प्रयत्न केला. म्हणालो, प्रज्ञा, शेवट बदलू. नऊबोट्या मरत नाही. रेल्वेत बसतो आणि जातो. तुझ्या बाबाला तेच हवं होतं, त्याचंच बरोबर होतं. तिने टेबलावरची पानं माझ्यापुढे मांडली. तू आधीची सगळी पानं पूर्ण करून ठेवली होतीस, शाईसकट. अंगणात आलेली माणसं, फाटकाची सावली, भिंतीवर लागलेली गोळी. पडतानाच्या चौकटीत त्याचा चेहरा तू असा काढला होतास की मला तो ओळखीचा वाटला आणि मी पान उलटं केलं. फक्त शेवटची, वरून दिसणारी चौकट कोरी होती, त्यात पेन्सिलीने हाताची एक रेघ.

‘बाबांनी इथपर्यंत आणलंय त्याला,’ प्रज्ञा म्हणाली. ‘आता रेल्वेत कसा बसवू? काका, तुम्ही पडा.’

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ती म्हणाली, तिला फोटो लागतो, बाबांसारखंच. ते तीन फोटो ती वापरणार नाही. आई ‘मी पडते’ म्हणते, पण नऊबोट्याच्या अंगाला काकांचं अंग जवळचं. मी वहिनींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, ‘पडा भाऊ. मी इथंच आहे.’

गच्चीवरची तीच खोली. वहिनींनी कूलर बंद केला. मी फरशीवर पडलो, तुझ्या जागेवर, आणि छताकडे बघितलं, जिथं स्टुलावर चढलेला मी असायला हवा होतो. काय भीती असते ती, मिलिंद! दिवसाढवळ्या, दोन माणसं शेजारी, खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडतोय, तरीही. वरचा माणूस किती लांब वाटतो खालून. त्याचं तोंडही दिसत नाही, नुसता फोन दिसतो. मी करंगळी दुमडली. श्वास सोडायला लागलो.

‘नाही,’ प्रज्ञा स्टुलावरून म्हणाली. ‘श्वास धरायचा नाही. बोलत राहा. तुम्ही गप्प झालात की मी खाली उतरेन.’

मी म्हणालो, मेलेला माणूस बोलत नाही गं. पोट हलेल, तोंड हलेल, चित्र बिघडेल.

‘बिघडू दे. बोला.’

मी मास्तर माणूस, नद्या म्हणायला लागलो. तापी, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा. त्या संपल्यावर गप्प झालो तशी ती खरंच एक पायरी खाली आली. मग मी बोललो. काय येईल ते बोलत राहिलो. वहिनी दाराला टेकून ऐकत होत्या, प्रज्ञा फोटो घेत होती.

काल तिने शाई चढवलेलं पान पाठवलं. हात तुझ्यासारखा तयार व्हायचा आहे तिचा, काळा रंग जरा भीत भीत लावते. पण चित्र चांगलं आहे. वरून दिसणारं अंगण, ऊन, आणि मधोमध पडलेला नऊबोट्या. तिने त्याचं तोंड मिटलेलं काढलेलं नाही. जसं होतं तसंच काढलंय, उघडं, बोलता बोलता थांबलेलं. दुपारी छापखान्यातून फोन आला, ‘सर, हा मेलाय ना? मग तोंड उघडं कसं? बोलण्याचा फुगा टाकायचा राहिला का?’ मी म्हणालो, राहिलेला नाही, तसंच छापा.

त्याला सांगितलं नाही, तुला सांगतो. नद्या संपल्यावर त्या फरशीवर पडून मी वरच्या माणसाचं, त्या दिवशी राहून गेलेलं बोलणं बोलत होतो. ‘मिलिंद, बरं वाटतंय ना रे तुला? छातीत दुखतंय का? थांब, मी खाली उतरतो. राहू दे तो फोटो. ऊठ, हात दे इकडे.’